अंधारातील मैफल आणि कोल्हापूरचा कॅमेरा

कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाड्यात १८७४ साली जन्मलेल्या राजर्षी शाहूंनी कोल्हापूरला गाणेही दिले आणि पॅलेस थिएटरही (१९१५). याच नगरीत आनंदराव व बाबुराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच घडवायला घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबुरावांनी दामल्यांच्या साहाय्याने तो पूर्ण केला आणि ‘सैरंध्री’ (१९२०) साकारला. ‘सिंहगड’साठी (१९२३) त्यांनी कृत्रिम दिवे लावले. यंत्राची उणीव प्रकाशाने भरून काढता येते, हे त्यांनी ओळखले होते.

मैफलीच्या छायाचित्रकाराला मात्र ही सोय नाही. गवयाची समेवर नजर असताना फ्लॅश उडवणे हा रसभंगच. म्हणून पैसा बेताचा असेल तर कॅमेरा वापरलेला घ्यावा आणि खर्च भिंगावर करावा, असे आम्हांस वाटते. एफ १.८ चे भिंग एफ ५.६ च्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. थोडे कण चित्रात उमटले तरी चालतील, चेहरा हलता कामा नये.

पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले. वास्तू पुन्हा बांधता येते. तिथे रंगलेली रात्र मात्र कोणी टिपली असेल तरच उरते.