आग्र्यातील दुसरा ताज

दिल्लीतील मराठी घराला आग्रा चुकत नाही. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे उतरले की दुसऱ्या दिवशी ताजमहाल ठरलेलाच! द्वारकेत राहायला आल्यापासून अशा किती खेपा झाल्या, मी मोजलेल्या नाहीत. पण आग्र्यात आणखी एक 'ताज' आहे आणि त्याचे नाते थेट आपल्या मराठेशाहीशी आहे, हे मला फार उशिरा कळले.

भगवान टॉकीजच्या चौकाजवळ रोमन कॅथलिकांची जुनी दफनभूमी आहे. मोगल काळात आग्र्यात स्थायिक झालेल्या आर्मेनियन लोकांच्या कबरी येथे आहेत. १६१४ साली वारलेला इंग्रज व्यापारी जॉन मिल्डनहॉल येथेच विसावला आहे. बेगम समरूचा पती वॉल्टर राइनहार्ट (मृत्यू १७७८) याची कबरही येथेच. या साऱ्यांत लाल दगडाची एक घुमटाची इमारत उठून दिसते. ताजमहालाचीच ती लहान प्रतिकृती. फक्त संगमरवर नाही आणि ते चार उंच मनोरेही नाहीत.

ही कबर कर्नल जॉन विल्यम हेसिंगची. हा हॉलंडमधील उट्रेख्टचा. डच कंपनीचा शिपाई म्हणून तो प्रथम श्रीलंकेत आला. पुढे १७८४ साली महादजी शिंद्यांच्या चाकरीत शिरला. आग्र्याजवळच्या लढाईत तो जखमी झाला. १७९४ साली महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. दौलतरावांच्या कारकिर्दीत हेसिंगकडे आग्र्याचा किल्ला आला आणि २१ जुलै १८०३ रोजी तो तेथेच वारला. त्याची पत्नी अ‍ॅन व मुलांनी हे स्मारक उभारले.

पुढील तीन महिन्यांत सारे उलटले. ११ सप्टेंबरला पटपडगंजच्या लढाईत लेकच्या इंग्रजी फौजेने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली गेली. शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ त्याआधीच चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. आग्र्याच्या किल्ल्यातील शिपायांचा तर आपल्याच युरोपीय अधिकाऱ्यांवरील विश्वास उडाला आणि त्यांनी त्यांना कैद केले. कैदेत हेसिंगचा मुलगा जॉर्जही होता! १८ ऑक्टोबरला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

बाप जगता तर काय करता, हे कोणी सांगावे? ती परीक्षा त्याला द्यावी लागली नाही. मात्र कबरीवरील इंग्रजी लेखात, तो महाराजा दौलतराव शिंद्यांच्या चाकरीतील कर्नल होता, असे स्पष्ट कोरले आहे. इंग्रजांचे राज्य आले आणि गेले, ती ओळख पुसली गेली नाही.

तो लेख वाचताना मला आपलीच आठवण झाली. आपणही नोकरीच्या निमित्ताने घर सोडून इकडे आलो. कोणी बदलीवर आले ते इथलेच झाले. माणूस जिथे राबतो, ते गावही हळूहळू त्याचे होते. महादजींची छत्री वानवडीला, त्यांच्या या डच चाकराची कबर आग्र्याला. आपण छत्रीला जातो, कबरीकडे मात्र फिरकत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेला पाहुण्यांना ताजमहाल दाखवून झाला की तासभर इकडेही काढा. मुलांना तो लेख वाचून दाखवा. आग्र्यावर मराठ्यांचा अंमल होता हे पाठ्यपुस्तकात सांगावे लागते. येथे ते दगडावर वाचता येते.