कसब्याच्या वाचनालयाचें एक वर्ष

लहान गांवच्या वाचनालयाचे वार्षिक वृत्तांत आवडीनें वाचणारीं माणसें जगांत फारशीं नसावींत. आम्ही त्या थोडक्यांपैकीं आहों. तें पातळ चोपडें हातीं आलें कीं अध्यक्षांचें निवेदन आणि आभारप्रदर्शन हीं दोन्हीं ओलांडून आम्ही थेट जमाखर्चाच्या तक्त्याकडे वळतों. वर्गणी किती जमली, पुस्तकांच्या बांधणीस काय लागलें, रद्दीचे काय आले, दिव्याचें बिल केवढें झालें, हे आंकडे निदान निवेदनापेक्षां तरी अधिक खरें बोलतात. कादंबऱ्या किती गेल्या आणि इतिहासाचीं पुस्तकें किती गेलीं हा तक्ता पाहून चिटणीस खेद व्यक्त करितात. आम्हांस त्यांत खेदाचें कांहीं दिसत नाहीं. परंतु एक आंकडा मात्र आम्हांस या वृत्तांतांत कधीं आढळला नाहीं. गांवांतील किती माणसें वर्षभरांत वाचनालयाची पायरी चढलींच नाहींत, हा तो आंकडा होय. वृत्तांत मोजतो तो वर्गणीदार. जो वर्गणी देत नाहीं, तो वृत्तांताच्या हिशेबीं त्या गांवांत राहतच नाहीं!

या विस्मरणाचें मूळ आमच्या वाचनालयांच्या जन्मांत आहे. रत्नागिरीस १८२८, अहमदनगरास १८३८, नाशिकास १८४० आणि सोलापुरास १८५३ अशा सालीं महाराष्ट्रांत वाचनालयें निघालीं. पुण्यांत १८४८ सालीं निघालेल्या वाचनालयाच्या मागें लोकहितवादींची खटपट होती. साहेब अधिकारी, त्यांच्या कचेऱ्यांतील सुशिक्षित मंडळी आणि गांवचे चार सधन गृहस्थ यांच्या पुढाकारानें अशा संस्था उभ्या राहत. त्यांचें नांवच पुष्कळ ठिकाणीं 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असे. 'जनरल' या शब्दाचा अर्थ सर्वांची असा होतो, पण सर्वांनीं वर्गणी द्यावी हें त्यांत गृहीत होतें. ज्या काळीं अक्षरओळख हीच मूठभर घरांची मिरास होती, त्या काळीं यांत कोणास वावगें वाटलें नाहीं. पुढें मराठी ग्रंथांचा अभिमान जागा झाला, ठाण्यास १८९३ सालीं आणि मुंबईस १८९८ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालयें स्थापन झालीं, इंग्रजी ग्रंथांच्या शेजारीं मराठी ग्रंथांस मानाचें स्थान मिळालें. दाराशीं असलेली वर्गणीची वही मात्र होती तेथेंच राहिली.

ही वही बाजूस सारण्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्या देशांत झाला तो एका मराठी राजाच्या, पण बहुतांशीं गुजराती बोलणाऱ्या, राज्यांत. सयाजीराव गायकवाड महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याचे. त्यांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला आणि १९०६ च्या सुमारास ती सक्ती सर्व संस्थानभर नेली. मग जो प्रश्न उत्पन्न झाला तो सक्ती करणाऱ्या प्रत्येक राजवटीस पडावयास हवा होता. तो बडोद्यास पडला, ही त्या राजाची थोरवी. चौथी इयत्ता शिकून मुलगा शेतावर गेला, त्याच्या घरीं पुस्तक नाहीं, गांवांत पुस्तक नाहीं. मग शिकलेलें टिकावें कशावर? अमेरिकेच्या प्रवासांत महाराजांनीं तेथील सार्वजनिक ग्रंथालयें पाहिलीं होतीं. १९१० सालीं त्यांनीं न्यू हेवन गांवच्या एका ग्रंथालयाचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस बडोद्यास आणिलें. आपल्या राजवाड्यांतील सुमारें २०,००० ग्रंथ महाराजांनीं नव्या मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकिले. बॉर्डन तीन वर्षें राहिले. तेवढ्यांत त्यांनीं ग्रंथांचें वर्गीकरण बसविलें, ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग चालविला आणि संस्थानभर पसरावयाच्या ग्रंथालयांचा आराखडा हातीं दिला. १९१२ सालीं 'लायब्ररी मिसेलनी' हें त्रैमासिक निघालें; त्यांत इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी विभागही असत.

परंतु बॉर्डन यांच्या कामगिरीचें कौतुक करितांना आपण एक गोष्ट विसरतों. ते येण्यापूर्वींच मोतीभाई अमीन या गुजराती शाळामास्तरानें १९०६ च्या सुमारास 'मित्रमंडळा'च्या नांवानें खेडोपाडीं लहान लहान वाचनालयें काढण्याचा उद्योग आरंभिला होता. पुढें संस्थानानें मोतीभाईंसच आपल्या ग्रंथालय खात्यांत घेतलें. अमेरिकन ग्रंथपालाची पद्धति आणि गुजराती मास्तराची चिकाटी यांचा असा संयोग न होता, तर तो आराखडा दप्तरांतच राहिला असता, असें आमचें मत आहे. बॉर्डन गेल्यावर खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनीं वाहिली. बडोद्याच्या या चळवळीचा इंग्रजी इतिहास त्यांनींच लिहून १९१९ सालीं प्रसिद्ध केला.

आतां कसब्याकडे वळूं. बडोदें शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. पण खऱ्या कसोटीची जागा ती नव्हे. तालुक्याच्या पेठेचा एखादा कसबा घ्यावा. त्यांत एक गुजराती शाळा, वाण्यांचीं दुकानें, कचेरी, भोंवतीं पाटीदारांचीं खेडीं. या कसब्याच्या वाचनालयाचें एक वर्ष कसें जात असे? संस्थानाचें सरकारी वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपे, आणि वर्षाचा पहिला प्रश्न पैशाचा असे. नियम असा होता: खर्चाचे तीन वांटे. एक लोकांनीं उभा करावा, एक प्रांत पंचायतीनें द्यावा, एक संस्थानानें. लोकांच्या वांट्यास मर्यादा होती ती खेड्यास १०० रुपये, कसब्यास ३०० रुपये आणि प्रांताच्या मुख्य गांवास ७०० रुपये. म्हणजे कसब्यानें पुरते ३०० जमविले तर वर्षास ९०० रुपयांची सोय झाली. यांतच ग्रंथपालाचा पगार, जागा, तेलवात, वर्तमानपत्रें आणि नवीं पुस्तकें. इमारत बांधावयाची झाली तरी हेंच तिहींचें भागीदारीचें तत्त्व लागू होई.

या नियमांतली खुबी पाहावी. पहिला वांटा लोकांचा. तो जमल्याशिवाय बाकीचे दोन वांटे हलावयाचे नाहींत. दरबारास वाटलें असतें तर सर्व ९०० रुपये खजिन्यांतून देणें अशक्य नव्हतें. पण मग तें वाचनालय मामलेदाराच्या कचेरीची आणखी एक खोली झालें असतें. पदरचे ३०० रुपये घातले म्हणजे गांवकरी विचारतो, माझ्या पैशाचें काय आणिलें? दुसऱ्या बाजूनें, उरलेले दोन वांटे येत ते रयतेच्या करांतून. त्यामुळें ज्यानें एक पैही वर्गणी दिली नाहीं, त्या कुणब्याचाही त्या वाचनालयावर हक्क पोंचला. वर्गणीच्या वहीनें जें नाकारलें होतें तें कराच्या वहीनें मिळवून दिलें. आमच्या पाहण्यांत वाचनालयाच्या हिशेबाची याहून शहाणी मांडणी नाहीं.

तथापि दोषही त्याच नियमांत होता. ज्या खेड्यांत चार सुखवस्तु घरें नाहींत, तेथें पहिला वांटा जमावयाचा कसा? अशा गांवांसाठीं फिरत्या ग्रंथालयाची पेटी होती. लांकडी पेटींत १५ ते ३० पुस्तकें भरून ती रेल्वेनें किंवा गाडीनें रवाना होई. ने-आणीचा खर्च संस्थान सोशी. कांहीं महिने ती पेटी शाळामास्तराच्या किंवा एखाद्या भल्या गृहस्थाच्या ताब्यांत राही, मग परत येई आणि दुसरी जाई. शिवाय ज्यांस अक्षर येत नाहीं त्यांची आठवण ठेवणारी एक शाखा खात्यांत होती. ती जादूच्या कंदिलाचे व पुढें सिनेमाचे खेळ गांवोगांव फुकट दाखवी. स्टिरिऑस्कोपांतून पाहावयाचीं चित्रें पाठवी. ग्रंथालय खात्यानें निरक्षरांसाठीं खर्च करावा, हें ऐकून आजच्या हिशेबतपासनिसास घाम सुटेल! बडोद्यानें तो केला, कारण त्यांची मोजणी वर्गणीदारांची नव्हती, रयतेची होती. मध्यवर्ती ग्रंथालयांत स्त्रियांसाठीं आणि मुलांसाठीं स्वतंत्र विभाग होते. महाराजांच्या कारकीर्दीच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, संस्थानांत अशीं लहानमोठीं हजाराहून अधिक वाचनालयें झालीं होतीं.

येथें गौरवाच्या ओघांत एक कटु गोष्ट राहून जाऊं नये. बॉर्डन ज्या १९१३ सालीं अमेरिकेस परतले, त्याच सालीं बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत गेले. १९१७ सालीं ते नोकरीसाठीं बडोद्यास आले, तेव्हां ज्या शहरांत देशांतलें नामांकित खुलें ग्रंथालय होतें त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळाली नाहीं. जात लपवून ते एका पारशी विश्रामगृहांत उतरले. तेथूनही त्यांस काठ्या दाखवून घालविण्यांत आलें, आणि सार्वजनिक बागेंत झाडाखालीं त्यांनीं ते तास काढिले. राजाचा हुकूम ग्रंथालयाचें दार उघडूं शकतो. शेजाऱ्याचें दार तो उघडूं शकला नाहीं. कसब्याच्या वाचनालयाच्या ओट्यावर कोण बसूं शकत होतें आणि कोण खालीं उभें राहत होतें, हें तीन वांट्यांच्या हिशेबांत दिसत नाहीं. आमच्या वर्गणीच्या वहीवर आम्हीं जो आक्षेप घेतला, तो येथें बडोद्याच्या कराच्या वहीवरही घेणें प्राप्त आहे.

आणखी एक उणीव काळानें दाखविली. बडोद्यानें ग्रंथालयांचा कायदा केला नाहीं. सर्व व्यवस्था दरबारच्या हुकमांवर चाले. हिंदुस्थानांतला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ सालीं कोल्हापूर संस्थानानें केला. मद्रासनें १९४८ सालीं रंगनाथन् यांच्या प्रेरणेनें कायदा करून मालमत्तेच्या करावर ग्रंथालयाचा उपकर बसविला. १ मे १९४९ रोजीं बडोदें मुंबई इलाख्यांत विलीन झालें, आणि हुकूम देणारा दरबारच उरला नाहीं. पुढें तो मुलूख १९६० सालीं गुजरात राज्यांत गेला. त्या राज्यास ग्रंथालयांचा कायदा मिळाला तो २००१ सालीं. मांडवीजवळची १९३१ सालची मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत, तिचे पोलादी कपाट आणि कांचेचे मजले अजून पाहण्यासारखे आहेत. तेथें गेलों असतां आम्हीं त्या कांचेवरून दबकत पावलें टाकिलीं, हें कबूल करितों.

महाराष्ट्रानें आपला कायदा १९६७ सालीं केला. त्यांत उपकर नाहीं. गांवोगांवच्या संस्थांनीं वाचनालयें चालवावीं, सरकारनें त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान द्यावें, अशी त्याची रचना आहे. बडोद्याच्या तीन वांट्यांपैकीं सरकारचा वांटा येथें आहे. गांवचा वांटा वर्गणीच्या रूपानें अर्धवट आहे. मधला, पंचायतीचा, ज्यामुळें तालुक्याच्या प्रत्येक करदात्याचा त्या संस्थेशीं संबंध जोडला जाई, तो मात्र सक्तीचा नाहीं. म्हणून अनुदानाचा हप्ता लांबला कीं ग्रंथपालाचा तुटपुंजा पगार लांबतो, आणि गांवांत कोणास त्याची खबरही नसते.

गेल्या वर्षीं आमच्या मूळ गांवच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेस आम्ही गेलों होतों. वृत्तांत वाचून झाल्यावर आम्हीं चिटणिसांस विचारिलें, "सकाळीं वर्तमानपत्रांच्या मेजाशीं बसतात तीं माणसें या आंकड्यांत कोठें आहेत?" चिटणीस आमच्या वर्गबंधूंचे चिरंजीव, नम्र गृहस्थ. ते म्हणाले, "काका, तीं सभासद नाहींत, त्यांची नोंद ठेवावयाची पद्धत नाहीं." सभेंत थोडी कुजबूज झाली. एका वृद्ध गृहस्थांनीं सुचविलें कीं फुकटे मोजून काय करावयाचें? यावर ग्रंथपाल बाई, ज्या सभेंत सहसा बोलत नाहींत, उठून म्हणाल्या, "मी मोजीन." त्यांनीं दारापाशीं एक वही ठेविली. तींत ज्यांस लिहितां येतें ते नांव लिहितात. बाजारच्या दिवशीं जीं माणसें केवळ पंख्याखालीं टेकावयास येतात, त्यांच्यासाठीं बाई स्वतः एक उभी रेघ ओढितात.