उजवीकडे, सरळ, डावीकडे, सरळ

रेडिओने उडवायचे विमान शिकायला आलेल्या पोराच्या हाती क्लबातली जाणती मंडळी पहिल्यांदा ‘ट्रेनर’च ठेवतात. धडाच्या वर बसवलेला पंख, त्याची दोन्ही टोके किंचित उचललेली, पुढे पंखा, मागे ऐसपैस शेपूट. जेट उडवायची स्वप्ने बघणाऱ्याचा चेहरा ते पाहून पडतो. पण या साध्या घडणीमागे दीडशे वर्षांचा अनुभव आहे, आणि तिचे मूळ रेडिओच्याही आधीचे आहे.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसमधल्या त्विलरी बागेत आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने जाणकारांसमोर एक छोटेसे विमान सोडले. पीळ दिलेल्या रबराने त्याचा पंखा फिरत होता. ११ सेकंदांत ते सुमारे ४० मीटर गेले. अंतर फार नव्हते, पण एवढा वेळ ते स्वतःचे स्वतः सावरत उडाले, आणि हेच तोवर कोणाला साधले नव्हते. पेनोने पंखांची टोके वर वळवली होती. विमान एका अंगाला कलले की त्या बाजूला घसरू लागते. टोके उचललेली असली तर घसरताना खाली गेलेल्या पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान पुन्हा सरळ होते. मागची छोटी आडवी शेपटी नाक वर-खाली होऊ देत नव्हती. पेनोच्याच रचनेचे रबरावर उडणारे हेलिकॉप्टर पुढे राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी खेळायला आणून दिले. राइट बंधूंचे विमान उडालेले बघायला पेनो मात्र राहिला नाही. १८८० मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी तो गेला.

पेनोचे विमान हातातून सुटले की सुटले. त्याला मागे वळवायची सोय व्हायला आणखी साठ-पासष्ट वर्षे जावी लागली. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या: वजन पेलणारे छोटे पेट्रोल इंजिन आणि विमानात मावेल एवढा रिसीव्हर. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउनचे ‘ब्राउन ज्युनियर’ इंजिन बाजारात आले आणि पहिली अडचण सुटली. दुसरी सोडवणाऱ्यांत मिशिगनमधल्या कॅलमझूचे जुळे भाऊ वॉल्टर आणि विल्यम गुड यांचे नाव अगत्याने घ्यावे लागते. वॉल्टरला विमाने बांधायचा नाद, विल्यमला हॅम रेडिओचा. १९३७ मध्ये त्यांचे आठ फूट पंखांचे ‘गफ’ रेडिओच्या हुकमावर उडाले, १९३८ मध्ये त्याने अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि १९६० मध्ये ते स्मिथसोनियन संग्रहालयाला देण्यात आले.

त्या काळच्या विमानाचे सुकाणू कसे हलायचे, ते नीट बघण्यासारखे आहे. धडात आत लांबलचक रबर पीळ देऊन ताणलेले असे. त्याच्या टोकाला एक चक्र, आणि ते चक्र एका खिटीने अडवून धरलेले. जमिनीवरच्या माणसाने बटण दाबले की रिसीव्हरमधून विद्युतचुंबकाला प्रवाह मिळे, खिटी सुटे आणि चक्र पाव फेरा फिरे. सुकाणू उजवीकडे. बटण सोडले, सरळ. पुन्हा दाबले, डावीकडे. सोडले, सरळ. थोडे उजवीकडे असा प्रकारच नव्हता. वळले तर पुरते. शेवटचे वळण कुठले घेतले होते ते उडवणाऱ्याने लक्षात ठेवायचे. दोनदा उजवीकडे वळायचे तर मधे डावीकडचा हुकूम झटकन उरकून टाकायचा. आणि रबराचा पीळ संपला की हुकूमही संपले. पेनोच्या विमानात पंखा फिरवणारे रबर आता सुकाणू फिरवू लागले होते.

एवढ्या तुटपुंज्या ताब्यावर विमान टिके, कारण ते मुळात स्वतःला सावरणारे होते. माणूस फक्त अधूनमधून दिशा सांगे. बाकीचे काम उचललेले पंख करीत. तरीही त्या लोकांनी एका सुकाणूवर कोलांट्यासुद्धा मारल्या: वळण धरून ठेवायचे, विमान घिरट्या घेत खाली येऊन वेग घेई, मग बटण सोडायचे की त्या वेगातच नाक उसळून वर जाई. या कसबाला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

१९६० च्या दशकात ट्रान्समीटरवरची काडी जेवढी हलवाल तेवढेच सुकाणू हलवणारी यंत्रणा रुळली. तिचे सूत्र आजही तेच आहे. साधारण १ ते २ मिलिसेकंद लांबीचा एक विद्युत ठोका सर्व्हो मोटरला पुन्हा पुन्हा मिळत राहतो, १.५ म्हणजे मध्य, कमी-जास्त झाला की त्या प्रमाणात इकडे किंवा तिकडे. हुकूम आता मोजून देता येऊ लागला. एक धोका मात्र उरला होता. मैदानावर दोघांनी एकाच रेडिओ चॅनेलवर ट्रान्समीटर चालू केले की हवेतले विमान कोसळलेच. म्हणून क्लबात फळीवर चॅनेलच्या चिमट्या लावलेल्या असत. चिमटी हाती आल्याशिवाय ट्रान्समीटरला हात लावायचा नाही. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे संच आले आणि चिमट्यांचे काम संपले.

एवढे सगळे बदलूनही नवशिक्याच्या विमानाने पेनोचा उचललेला पंख सोडलेला नाही. तीन चॅनेल, म्हणजे तीन वेगळे हुकूम, पुरतात: सुकाणू, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर, इंजिनाचा जोर ठरवणारा थ्रॉटल. बाल्साचे बांधा नाहीतर फोमचे घ्या, उडवण्याआधी पंखाखाली दोन बोटांवर तोलून बघायचे. तोल नकाशात दाखवलेल्या जागी आला पाहिजे, आणि चुकलाच तर नाक जड असलेले बरे. पहिली उड्डाणे वारा पडलेला असताना, शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा असे दोन ट्रान्समीटर जोडून, शिकवणारा शेजारी उभा ठेवून करायची. आणि उंची भरपूर घ्यायची. गोंधळ झाला तर काड्या मध्यावर आणल्या की ट्रेनर बहुधा आपला आपण सरळ होतो.

खरी गडबड होते ती विमान आपल्याकडे येताना. दूर जाताना उजवे ते उजवे असते. तोंड फिरले की डावे-उजवे उलटे होते, आणि बहुतेक पहिली विमाने इथेच मातीत जातात. त्यावर जुन्या मंडळींचा तोडगा सोपा आहे: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला काडी न्यायची.