घाट, गाडी आणि बाजार

पुण्याहून मुंबईकडे रेल्वेने बोरघाट उतरताना, कर्जत येण्यापूर्वी ठाकुरवाडी हे लहानसे ठाणे लागते. येथे गाडी थांबते ती ब्रेकच्या तपासणीसाठी. माल चढविण्यासाठी नव्हे. दीडशेहून अधिक वर्षे दख्खनचा व्यापार या डोंगराच्या कुशीतून मुंबईस जात आहे. परंतु मार्ग दारावरून जाणे निराळे आणि दारापर्यंत येणे निराळे, हेच या परिसराचा इतिहास सांगतो.

पूर्वी कापूस व धान्य बैलांच्या पाठीवर लादून घाट उतरत असे आणि पनवेल बंदरातून गलबतांनी मुंबईस जाई. परतीच्या तांड्यांबरोबर मीठ वर चढे. इ. स. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातील गाडीरस्ता खुला झाला. लमाणांच्या बैलांची जागा हळूहळू बैलगाड्यांनी घेतली.

दिनांक १२ मे १८५६ रोजी रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा मार्गही सुरू झाला; मधला घाट मात्र तसाच उरला. त्यामुळे सर्व माल खोपोलीस उतरवून बैलगाड्यांनी वर न्यावा लागे. ती काही वर्षे खोपोली हे महत्त्वाचे नाके ठरले.

घाटातील लोहमार्ग दिनांक २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. सुमारे पावणेसोळा मैलांत १८३१ फुटांची चढण आणि पंचवीस बोगदे असे हे अवघड काम होते. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर येथे राबले. पटकीने व अपघातांनी अनेकांचा बळी घेतला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका पुढे चालविला. घाटाची वाट दाखविणाऱ्या शिंगरोबा धनगराची लोककथा आजही येथे सांगितली जाते व त्याच्या देवळापुढे प्रवासी हात जोडतात.

त्या काळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस अडला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाठी आता थेट बंदराकडे निघाल्या. खोपोलीचा फाटा बाजूस पडला, तर कर्जत जंक्शन म्हणून वाढले. १९१५ साली खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. घाटातून माल गेला, पाठोपाठ वीजही गेली.

आमचा धंदा कापडाचा. वडील मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटातून खरेदी करीत आणि लोकलने सायंकाळपर्यंत परत येत. शंभर किलोमीटरवरचा बाजार आम्हास एका दिवसाचा होता. आमची ठाकर व कातकरी गिऱ्हाइके मात्र दोन-तीन तास चालून येत. पावसाळ्यात ओढे भरले की कित्येक आठवडे त्यांचे दर्शन होत नसे. म्हणून आषाढापूर्वीच वडील त्यांना लुगडी उधारीवर देत व भात झोडल्यावर वसुली होई. वहीत नाव लिहिताना ते म्हणत, "यांचा माल महाग पडतो तो अंतरामुळे नव्हे, ओढ्यामुळे."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे उमगला. रानातील करवंदे, जांभळे घेऊन आलेली बाई भाव पटला नाही म्हणून माल परत नेऊ शकत नाही. संध्याकाळी तिला पुन्हा डोंगर चढावयाचा असतो. ज्याला थांबण्याची सोय नाही, त्याला भाव ठरविता येत नाही, हा व्यापारातला साधा नियम आहे.

२००२ पासून द्रुतगती महामार्गही खालापूर तालुक्यातून धावत आहे. तो दोन महानगरांना जोडतो, याचा आनंदच आहे. तथापि, वाडीपासून बाजारापर्यंतचे एक-दोन मैल आणि वाटेतला एक साकव यांचा हिशेब जमेस धरल्याखेरीज या घाटाच्या इतिहासाचा ताळेबंद जुळणार नाही.