बगदादचा दूत आणि ख्वारिझमचा हिवाळा

परक्या देशाची खरी ओळख तेथील राजदरबारीं होते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कित्येकदां तें काम तेथील थंडीच अधिक चांगलें करते. इसवी सनाच्या दहाव्या शतकांत बगदादहून उत्तरेकडे गेलेल्या इब्न फद्लान याचें प्रवासवृत्त या गोष्टीची साक्ष देतें.

व्होल्गा नदीकांठच्या बल्गार लोकांच्या राजानें खलीफा अल्-मुक्तदिर याजकडे धर्मशिक्षक, मशीद बांधण्यास साह्य आणि शत्रूंपासून रक्षण व्हावें म्हणून किल्ला बांधण्यास द्रव्य मागितलें होतें. त्यावरून जी वकिलात निघाली, तींत खलिफाचें पत्र वाचून दाखविण्याचें काम इब्न फद्लानकडे होतें. २१ जून ९२१ रोजीं ही मंडळी निघाली, ती ऐन उन्हाळ्यांत! बुखारा येथें मुक्काम झाल्यावर जैहून, म्हणजे आजची अमूदर्या, या नदीनें नावेंतून ती ख्वारिझम प्रांतांत उतरली. आणि जुर्जानिया शहरीं हिवाळ्यानें तिला अडविलें. हें स्थळ आजच्या तुर्कमेनिस्तानांत कुन्या-उर्गेंच या नांवानें ओळखलें जातें.

तेथील लोकांविषयीं इब्न फद्लानचें पहिलें मत फारसें चांगलें नव्हतें. त्यांची भाषा त्याला साळुंक्यांच्या कलकलाटासारखी वाटली व त्यांची रीतभात रानटी वाटली. मग थंडी पडली. एवढी मोठी नदी गोठून तिजवर सतरा विती जाडीचें बर्फ झालें, आणि घोडे, खेंचरें, गाड्या हीं सडकेवरून जावीं तशीं तिजवरून जाऊं लागलीं. तीन महिने हीच स्थिति राहिली. बाजार व रस्ते ओस पडले. हमामखान्यांतून घरीं येईपर्यंत त्याची दाढी गोठून जाई व ती शेकोटीपुढें धरून मोकळी करावी लागे. घरांत घर, त्याच्या आंत बुरणुसाचा तंबू आणि अंगावर पोस्तीनें घेऊन तो निजे. तरी कधीं कधीं गाल उशीला चिकटे. दोन माणसें बारा उंट घेऊन रानांत लांकडें आणावयास गेलीं, पण चकमक घरींच विसरलीं. सकाळीं माणसें व उंट सारेच मेलेले आढळले, अशीही हकीकत त्याच्या कानीं आली.

परंतु याच थंडीनें त्याला त्या लोकांची दुसरी बाजू दाखविली. त्या देशांत एखाद्यानें मित्रावर विशेष लोभ दाखवावयाचा, तर तो म्हणे, 'माझ्या घरीं चला, तेथें शेकोटी चांगली आहे.' भिकारी दाराशीं उभा राहत नसे. तो सरळ आंत येई, विस्तवाजवळ घटकाभर बसून अंग शेकी आणि मगच भाकरी मागे. भाकरी मिळो वा न मिळो, ऊब मात्र त्याला कोणी नाकारीत नसे.

पुढील प्रवासाची तयारी सुरू झाली, तेव्हां बगदादहून बरोबर आलेले धर्मशास्त्री, शिक्षक व नोकर यांचें धैर्य खचलें आणि ते मागें राहिले. किल्ल्यासाठीं मिळावयाचें द्रव्यही हातीं आलें नव्हतें. तरीही ४ मार्च ९२२ रोजीं उरलेली मंडळी निघाली. कुडता, कफ्तान, पोस्तीन, बुरणुसाचा अंगरखा, फक्त डोळे उघडे ठेवणारी टोपी, दुहेरी विजारी व जोड्यावर जोडा इतका पेहराव अंगावर होता कीं, उंटावर बसल्यावर हालतांही येईना. पुढें लागलेल्या थंडीपुढें ख्वारिझमचा हिवाळा त्यांना उन्हाळ्यासारखा भासला! १२ मे रोजीं तीं बल्गार राजाच्या भेटीस पोहोंचलीं. राजानें त्यांचा सत्कार केला. पण किल्ल्याच्या पैशाचा जाब त्यानें इब्न फद्लानलाच विचारला.

या वृत्तांताची एक जुनी हस्तलिखित प्रत १९२३ सालीं इराणांतील मशहद येथें सांपडली. खलिफाच्या राजकारणास त्या मोहिमेनें फारसें यश दिलें नाहीं. पण ख्वारिझमच्या शेकोटीजवळ बसलेला तो अनाम भिकारी मात्र त्या पानांतून एक हजार वर्षें जिवंत राहिला आहे.