शिशाची गोळी : छावणीकडून कारखान्याकडे

बंदुकीचा इतिहास आपण लढायांतून वाचतो. तो धातूच्या अंगानेही वाचून बघावा. तांबे वितळायला १०८५ अंश लागतात, शिशाला ३२७ पुरतात. म्हणून चुलीवर शिसे वितळवून, पळीने साच्यात ओतून, छावणीतच गोळ्या पाडता येत. अडचण होती ती शिसे मिळवण्याची. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून तोफांबरोबर शिसेही विकत घेतले.

१८८४ नंतर धूरविरहित दारू आली. गोळीचा वेग इतका वाढला, की मऊ शिसे नळीच्या आट्यांना चिकटू लागले. मग गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढले. त्याला यंत्र लागते. गोळी चुलीवरून उठली ती कारखान्यात गेली.

पुढे स्वतःच भरणाऱ्या रायफली आल्या. १९३६ ची अमेरिकन गॅरंड नळीतला थोडा वायू छिद्रातून घेऊन चालते. तिथे शिशाचा कीस आणि वंगणाचे मेण साचले की काम अडते. १९१० च्या विंचेस्टरला असे छिद्रच नाही. काडतुसाच्या उलट धक्क्याने तिचा जड बोल्ट मागे सरकतो, त्यामुळे ओतीव गोळी तिला चालते. तिची .४०१ मापाची काडतुसे कारखान्यांनी केव्हाच बंद केली. मालक पुन्हा साचा घेऊन बसले!

पण हे स्वावलंबन अर्धेच. तेव्हा साचा घरचा, शिसे विकतचे. आज गोळी घरची, पण ती पेटवणारी टोपी कारखान्याचीच. शस्त्र कोणाच्या हाती आहे, एवढेच पाहून भागत नाही. त्याचा कच्चा माल कोणाच्या हाती, हेही विचारावे लागते.