शाळेत ३,०७० पॉइंट, पुढे काय? अमेरिकेतील हायस्कूल बास्केटबॉल आणि कॉलेजची वाट

बिलकीस अब्दुल-कादिर हे नाव आपल्यापैकी अनेकांनी हिजाबच्या बातमीतच ऐकलं असेल. पण तिची पहिली ओळख स्कोअरबोर्डवर झाली. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफिल्ड हे तिचं शहर. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये बास्केटबॉल सुरू केला तो इथेच. आठ भावंडांत ही सर्वात धाकटी. २००९ मध्ये तिने हायस्कूल संपवलं तेव्हा तिच्या नावावर ३,०७० पॉइंट होते. त्या राज्यात शालेय पातळीवर इतके पॉइंट तोवर ना कुठल्या मुलीने केले होते, ना मुलाने. मुलींमधला आधीचा विक्रम रिबेका लोबो यांचा, २,७१० पॉइंटचा. बिलकीसची उंची साडेपाच फुटांच्याही आत. डोक्यावर स्कार्फ, हात-पाय पूर्ण झाकलेले, आणि अभ्यासातही हुशार. त्याच वर्षी रमजानमध्ये व्हाइट हाउसच्या इफ्तारला तिला बोलावलं गेलं आणि राष्ट्राध्यक्ष ओबामांनी भाषणात तिचं कौतुक केलं.

मेम्फिस विद्यापीठाने तिला स्कॉलरशिप दिली. पहिला सीझन सुरू होण्याआधीच गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि अख्खं वर्ष बाहेर बसावं लागलं. २०१०-११ मध्ये ती कोर्टवर उतरली. कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वात वरच्या गटात, म्हणजे एनसीएएच्या डिव्हिजन वनमध्ये, हिजाब घालून खेळणारी ती पहिली मुलगी.

पॉइंट पुरत नाहीत

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना. तिच्याच आकडेवारीचा अंदाज घ्या: हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या दर १०० मुलांपैकी तीन-चार जण एनसीएएच्या कुठल्याही कॉलेज टीममध्ये पोहोचतात. डिव्हिजन वनमध्ये जेमतेम एक. एनबीए तर फारच लांब. गल्लीत, शाळेत, जिल्ह्यात पहिला असलेला मुलगाही या गणितात सहज मागे पडतो.

आता तर वाट आणखी अरुंद झाली आहे. एका कॉलेजमधून दुसऱ्या कॉलेजात जाणं खेळाडूंना सोपं झालं, त्यामुळे अनेक कोच १८ वर्षांच्या नवख्या पोरापेक्षा २२ वर्षांचा तयार खेळाडू घेणं पसंत करतात. दुसऱ्या बाजूला, जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात. पण स्टुडंट व्हिसावर गेलेल्या परदेशी मुलांना कामाबाबत बंधनं असतात, म्हणून या पैशाच्या भरवशावर कोणी हिशेब मांडू नये.

मार्कशीटची अट

डिव्हिजन वनमध्ये खेळायचं तर हायस्कूलचे १६ ठरावीक विषय पूर्ण करावे लागतात: इंग्रजी चार वर्षं, गणित तीन वर्षं, विज्ञान दोन वर्षं वगैरे. त्यात चारपैकी किमान २.३ ग्रेड सरासरी लागते. १६ पैकी १० विषय शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्यातले सात इंग्रजी, गणित, विज्ञानातले. एसएटीसारख्या परीक्षेची अट २०२३ मध्ये काढली. तरी घोळ होतो तो इथेच. घरचे बारावीत जागे होतात, आणि हिशेब नववीपासूनचा असतो!

सतनाम सिंगचं उदाहरण बघा. पंजाबमधल्या छोट्या गावातला, सात फुटांहून उंच मुलगा. २०१० मध्ये १४ वर्षांचा असताना फ्लोरिडाच्या आयएमजी अकॅडमीत गेला. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. बास्केटबॉल जमला, पण कॉलेजसाठी लागणारी अभ्यासाची पात्रता जमली नाही. त्यामुळे कॉलेज न खेळताच २०१५ मध्ये त्याने थेट ड्राफ्टला नाव दिलं. डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. मात्र एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. कॉलेजची चार वर्षं मिळाली असती तर खेळ तयार व्हायला वेळ मिळाला असता, असं आम्हाला वाटतं.

याच्या उलट करीम अब्दुल-जब्बार. न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेत त्यांच्या टीमने सलग ७१ सामने जिंकले होते. १९६५ मध्ये ते यूसीएलएला गेले. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य टीममध्ये खेळायला बंदी होती, तीही त्यांनी पाळली. मग लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं, आणि हातात पदवी. इस्लामही त्यांनी कॉलेजमध्ये असतानाच, १९६८ मध्ये स्वीकारला.

जॉर्जियातल्या व्हीलर हायस्कूलचे शरीफ अब्दुर-रहीम यांनी बर्कलेला एकच वर्ष खेळून १९९६ मध्ये एनबीए गाठली, तिसऱ्या क्रमांकाची निवड. पण खेळ संपल्यावर ते परत त्याच विद्यापीठात गेले आणि २०१२ मध्ये पदवी पूर्ण केली.

डिव्हिजन थ्रीही आहेच

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही. अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. बॉस्टनची सोमाली कुटुंबातली जमाद फीन हिजाबमध्ये खेळतानाच्या व्हिडिओंमुळे जगभर पोहोचली, ती अशाच एका कॉलेजात, इमॅन्युएल कॉलेजमध्ये खेळली. नंतर मुस्लिम मुलींसाठी ती बास्केटबॉलची शिबिरं घेऊ लागली. लोक डिव्हिजन थ्रीला कमी लेखतात, ते बरोबर नाही.

मुलींसमोरचा दुसरा अडथळा

हायस्कूलमध्येही हिजाबचा प्रश्न सुटलेला नव्हता. २०१७ मध्ये मेरीलँड राज्यात एका मुलीला सीझनभर खेळू दिलं आणि प्रादेशिक फायनलला मात्र बाकावर बसवलं. कारण काय, तर स्कार्फसाठी राज्य संघटनेचं पत्र नव्हतं. पुढे ही परवानगीची अट हायस्कूलच्या नियमांतून निघाली.

बिलकीसचं प्रकरण याहून मोठं होतं. मेम्फिसची पदवी घेऊन ती इंडियाना स्टेटला गेली, तिथे शेवटचं वर्ष खेळली आणि मास्टर्सही केलं. २०१४ मध्ये युरोपात व्यावसायिक खेळायचं तिच्या मनात होतं. पण आंतरराष्ट्रीय संघटना फिबाच्या नियमात डोकं झाकायला मनाई होती. शाळेने खेळू दिलं, कॉलेजने खेळू दिलं, आणि पगार मिळायची वेळ आली तेव्हा दार बंद! तिने स्कार्फ काढला नाही. भाषणं दिली, सह्यांची मोहीम चालवली, इतर देशांतल्या खेळाडूंनीही आवाज उठवला. मे २०१७ मध्ये फिबाने नियम बदलला आणि १ ऑक्टोबरपासून तो लागू झाला.

तोवर तिला कॉलेज सोडून तीन वर्षं झाली होती. व्यावसायिक लीगमध्ये ती उतरली नाही. मधल्या काळात मेम्फिसमधल्या एका इस्लामी शाळेत खेळ विभाग सांभाळत ती मुलींना बास्केटबॉल शिकवत होती.